सोमवारची माणसं

भाट्ये, रत्नागिरी
१२ नोव्हेंबर २०२४

विमलामावशी,

आधी पाया पडते, मग बाकीचं.

परवा फोनवर मी विचारलं, "तिकडचा पाऊस गेला का गो?" आणि तू म्हणालीस, "हो, हो, जेवले." तेव्हाच कळलं. कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं म्हणून तू कपाटात ठेवून दिलंयस, हे तुझ्या मितेशने मुंबईहून मला सांगितलंच होतं. मोबाइलवरची बारीक अक्षरं तुला नकोत. म्हणून आता पत्र. मलाही कागदच बरा. संध्याकाळी दारात बसलं की समोर खाडी असते, आणि तिच्याकडे बघत लिहिलं की हात आपोआप सावकाश चालतो.

तर बातमी अशी, की ठाण्याच्या हॉस्पिटलातली काउंटरवरची नोकरी मी सोडली. बाबांचे गुडघे गेल्यापासून होडी किनाऱ्यावर पालथी पडली होती. ती रंगवून घेतली, बसायला फळ्या ठोकल्या, लाइफ जॅकेटं आणली, परवाना काढला. आता पर्यटकांना खाडीत फिरवून आणते. कधी सुकाणूवर बाबा असतात, कधी मीच.

मावशी, तू कधी भरतीच्या वेळी कांदळवनात गेली आहेस का? पाणी इतकं संथ असतं की झाडं कुठे संपली आणि सावल्या कुठून सुरू झाल्या ते कळत नाही. खंड्या पाण्यावरून निळी रेघ ओढून जातो आणि ती रेघ बराच वेळ डोळ्यांत राहते. मी एकटी गेले की कधीकधी परत यायचंच विसरते. आई गेल्यावर असं शांत मला दुसरीकडे कुठे वाटलं नाही.

दुसरी बातमी. दर सोमवारी मी मिरजोळ्याला जाते. तिथल्या औद्योगिक वसाहतीत समर्थ नावाच्या एकाने खोबरेल काढायचा घाणा टाकलाय. सोमवारी त्याचा घाणा बंद असतो, आणि आम्ही नव्याने धंद्यात पडलेले काहीजण त्याच्या गाळ्यात जमतो. सानवी मेतकूट आणि कुळथाचं पीठ करून विकते. लांज्याकडचे रावजीकाका मधमाश्या पाळायला लागलेत, या वयात. कोणी गुरू नाही, भाषण नाही. आधी चहा. मग प्रत्येकाने त्या आठवड्यात काय बिघडलं ते सांगायचं. नियम एकच, मागितल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. फक्त प्रश्न विचारायचे.

सोबत सानवीच्या मेतकुटाचं पाकीट पाठवतेय. मऊ भातावर घे.

तुझी नेत्रा


मुरुड, ता. दापोली
२४ नोव्हेंबर

नेत्रा बाय,

आशीर्वाद तुला आहेतच, ते दरवेळी मागू नकोस.

मेतकूट चांगलं आहे. हिंग किंचित जास्त. पण तुझं पत्र वाचून जेवण गोड लागलं नाही.

चहा फुकट कोणी पाजत नाही गो. आज चहा, उद्या म्हणतील अजून चार माणसं जोड. इथे एका बाईला असंच साबण विकायच्या नादाला लावलं, अजून तिच्या माळ्यावर खोकी पडून आहेत. आणि हा समर्थ कोण? लग्न झालंय का त्याचं? पत्रात तू सगळ्यांत आधी त्याचंच नाव लिहिलंयस.

तुझे काका गेल्यावर मी या घराच्या तीन खोल्या पाहुण्यांना द्यायला लागले, तेव्हा कोणाला विचारलं होतं? पहिल्या वर्षी एक कुटुंब अर्ध्यात उठून गेलं, आमटी तिखट म्हणून. मी मागीलदारी जाऊन रडले, तोंड धुतलं आणि दुसऱ्या दिवशी गूळ जास्त घातला. झालं. आपलं बिघडलेलं चारचौघांत सांगितलं की चौघं ते आठ जणांना सांगतात. तू तर दर्यावर्दी माणसांची मुलगी. मासे कुठे लागले ते कोणी सांगतं का?

इथला समुद्र आता मला चित्रासारखा दिसतो. लाटा येतात, फुटतात, आणि आवाज नाही. फक्त ओल्या वाळूत उभी राहिले की पायांना थोडं कळतं. बघत बसते.

जपून राहा. भिवाभावोजींच्या गुडघ्यांना निर्गुडीचा पाला बांध.

मावशी


भाट्ये
८ डिसेंबर

विमलामावशी,

समर्थला बायको आहे, आणि ती त्याच्याहून चांगला घाणा चालवते. झोप आता स्वस्थ.

तुझं मासे कुठे लागले ते सांगत नाहीत, हे खरं. पण वादळ कुठे दिसलं, ते सांगतात ना? बाबा तर परक्या बंदरातल्या होडीलाही ओरडून सांगायचे. आमचा सोमवार तेवढाच आहे.

गेल्या सोमवारी रावजीकाका आले ते पिशवी मांडीवर घेऊन नुसते बसून राहिले. मग म्हणाले, "माश्या गेल्या. पेटी रिकामी. सकाळी उठून बघतो तर आवाजच नाय." कोणी "अरेरे" म्हटलं नाही. सानवीने विचारलं, "काका, जायच्या आधी त्या काही वेगळं करत होत्या का?" काका आठवत राहिले. पेटीच्या तोंडाशी गर्दी करायच्या, दुपारी. "पेटी कुठे होती?" "पत्र्याच्या पडवीत." एवढं बोलून काका स्वतःच थांबले. दुपारी पत्रा किती तापतो, ते सांगायची गरजच पडली नाही. काकांच्या तोंडावर जे हसू आलं, ते मला घरी येईपर्यंत पुरलं.

माझी तक्रार होती, की लोक एकदा येतात, फोटो काढतात आणि विसरून जातात. मी स्पीकरवर गाणी लावायची, सगळे लावतात म्हणून. समर्थने विचारलं, "तू एकटी जातेस तेव्हा काय करतेस?" म्हटलं, इंजिन बंद करते आणि वाहत जाते. "मग पाहुण्यांना ते का नाही देत?"

मावशी, या रविवारी मी स्पीकर घरीच ठेवला. कांदळवनात शिरल्यावर इंजिन बंद केलं. साताऱ्याकडचं एक कुटुंब होतं. आधी चुळबुळ, मग कुजबुज, मग तीही थांबली. उन्हं पाण्यावर पिवळी होऊन आडवी पडली होती. होडी आपली आपण चालली होती, स्वप्नात चालते तशी. त्यातले आजोबा उतरताना म्हणाले, "बाळ, आज मला माझी विहीर आठवली." कुठली विहीर ते मी विचारलं नाही.

नाताळच्या सुट्टीत सगळ्या फेऱ्या भरल्यात. आशीर्वाद मागत नाही, पण लागेल.

नेत्रा


भाट्ये
४ जानेवारी २०२५

विमलामावशी,

पत्राला उशीर झाला. होडीचं इंजिन बिघडलंय, दुरुस्तीला दिलंय. फेऱ्या सध्या बंद. बाबा बरे आहेत. थंडी आहे.

तू काळजी करू नकोस.

नेत्रा


मुरुड
१० जानेवारी

नेत्रा,

काळजी करू नकोस, असं माणूस कधी लिहितं ते मला माहीत आहे. तुझ्या आईनेही शेवटच्या आजारात तसंच लिहिलं होतं.

पत्रात खाडी नाही, सोमवार नाही. खंड्याही नाही. तुझ्या त्या मंडळींनी काहीतरी केलंय. कोणी काही मागितलं का? कोणी काही बोललं का? मला लिही. नाही लिहिलंस तर मी लिहीन. मेतकुटाच्या पाकिटावर त्या सानवीचा पत्ता आहे.

मावशी


मुरुड
१७ जानेवारी

सानवी,

तुझी माझी ओळख नाही. मी नेत्राची मावशी. तुला तू म्हणते, वयाने मोठी आहे म्हणून.

आमची नेत्रा गप्प झाली आहे. तुमच्या सोमवारांविषयी ती भरभरून लिहायची, आता एक अक्षर नाही. तिथे काय झालं ते मला सरळ सांग. गोड लिहू नकोस. मुलीला आई नाही, बाप फार बोलणारा नाही, आणि मी इतकी लांब, त्यात बहिरी. माझ्यासारखी बाई परक्या मुलीला पत्र लिहिते, म्हणजे किती घाबरली असेल ते समजून घे.

विमला
(मेतकुटात हिंग किंचित कमी कर.)


रत्नागिरी
२३ जानेवारी

आदरणीय विमलामावशी,

तुमचं पत्र आलं आणि मी ते हातात घेऊन स्वयंपाकघरातच बसले. सरळ सांगते.

नेत्रा नाताळपासून सोमवारी आलेलीच नाही. आम्हाला गावातून कळलं ते असं. ओहोटी लागली होती, तिची होडी वाळूच्या दांड्यावर चढली आणि कलली. एक आजीबाई पाण्यात पडल्या. अंगात जॅकेट होतं, पण त्या चिखलाच्या बाजूला गेल्या. नेत्राने उडी टाकून त्यांना बाहेर काढलं. आजी ठणठणीत आहेत, कोणाला ओरखडाही नाही. लोक तर तिचं कौतुक करतात.

आम्ही फोन केले. ती म्हणते, इंजिन दुरुस्तीला दिलंय. पण मावशी, होडीची इंजिनं दुरुस्त करणारा मिस्त्री समर्थच्या शेजारच्याच गाळ्यात आहे. त्याच्याकडे तिचं इंजिन आलेलं नाही.

आमच्यात वाद झाला. रावजीकाका म्हणाले, जाऊन बघूया. समर्थ म्हणाला, तिने बोलावलं नाही, तिच्या दारात कसं जायचं? माझ्या मनात होतं, की गेलो आणि तिला ते नको असेल तर? असे तीन सोमवार गेले. तुमचं पत्र मी गेल्या खेपेला सगळ्यांना वाचून दाखवलं. "किती घाबरली असेल" इथे समर्थने चहाचा कप खाली ठेवला.

येत्या सोमवारी आम्ही मिरजोळ्याला जमणार नाही. भाट्याला जमणार.

हिंग कमी केलाय. नवं पाकीट पाठवते.

तुमची,
सानवी


भाट्ये
२० फेब्रुवारी

विमलामावशी,

तू सानवीला पत्र लिहिलंस. आधी रागावले, मग ते पत्र तिच्याकडून मागून वाचलं आणि खूप रडले. आता सगळं लिहिते.

इंजिनाला काही झालं नव्हतं.

त्या दिवशी आजींना ढकलून होडीत चढवलं, तेव्हा माझे पाय चिखलात गेले. मांडीपर्यंत. खाडीचा चिखल उबदार असतो, मावशी. वाटलं, खाली कोणीतरी आहे आणि ते मला हळूच, प्रेमाने ओढतंय. बाबांनी वल्हं पुढे केलं, मी निघाले. तिथपर्यंत सगळं ठीक होतं. दुसऱ्या दिवशी होडीपाशी गेले आणि पाय उचलेना. रोज जायचे आणि परत यायचे. झोपले की खाडी घरात यायची. भांडी तरंगायची, आईची पितळी समई तरंगायची, कसलाही आवाज नाही, आणि मी खाटेवरून खाली उतरत नाही.

हे सांगू कोणाला? आमच्या वाडीत पोरं चालायच्या आधी पोहतात. भिवाची मुलगी पाण्याला घाबरते? आणि सोमवारी काय सांगू? तिथे माझीच खाडी ऐकायला सगळे कान टवकारून बसायचे. म्हणून इंजिन.

त्या सोमवारी ऊन कलताना बघते तर तिघं किनाऱ्यावरून येतायत. सानवीच्या हातात चहाचा थर्मास. मला संतापच आला. समर्थ म्हणाला, "गाळ्यात माश्या फार झाल्यात, म्हणून इकडे आलो." रावजीकाका म्हणाले, "माझ्या नव्हेत हो." मी हसले नाही. ते काही विचारत बसले नाहीत. होडी वाळूत टेकून होती, दोरी खुंट्याला बांधलेली. सरळ तिच्यात चढून फळ्यांवर बसले. पाहुणे होडीत आणि यजमान बाहेर, हे कसं दिसतं? मीही चढले.

चहा झाला. समर्थने सांगितलं, त्याच्या एका खेपेचं तेल खवट निघालं. सानवीने सांगितलं, दुकानदाराने माल परत पाठवला. काकांच्या नव्या माश्या टिकल्या, पण त्यांना एक चावली, ओठ सुजला होता. मी ऐकत होते. भरती कधी लागली ते कळलंच नाही. पाणी आलं, आणि होडी हलकेच उचलली गेली, झोपलेलं मूल कुशीवर वळतं ना, तशी.

मी फळी गच्च धरली. सगळ्यांनी पाहिलं. कोणी नजर वळवली नाही.

मग मी बोलले. चिखल, स्वप्न, समई, सगळं.

"घाबरू नकोस" असं कोणी म्हणालं नाही, मावशी. मला त्याचीच भीती होती. सानवीने बाही वर केली. दंडावर भाजल्याचा मोठा डाग आहे, मी कधी पाहिला नव्हता. म्हणाली, "पहिल्या वर्षी कढई उलटली. नंतर कित्येक दिवस नवरा गॅस पेटवून द्यायचा आणि मग मी आत जायचे. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही सगळे किती धीट वाटायचात." समर्थने विचारलं, "तुला कुठपर्यंत जमतं?" म्हटलं, किनाऱ्यावर उभी राहते, तेवढंच. तो म्हणाला, "आत्ता कुठे आहेस?"

मी आजूबाजूला पाहिलं. चहूकडे पाणी. होडी तरंगत होती.

तेवढ्यात मागून बाबांचा आवाज आला. काठी टेकत गुडघाभर पाण्यात येऊन उभे होते. किती वेळ, कोण जाणे. म्हणाले, "मी पन बसलोवतो घरी. तुझ्या जन्माआधी. वादळात सापडलो, वाचलो, नि मग एक हंगाम दर्यावर गेलोच नाय. लोकांना सांगितला, जाळा शिवतोय."

मी विचारलं, "मग?"

"मग काय. होडीवरला सखाराम नि दोघंतिघं रोज सांजचे यायचे. माझ्या बाजूला बसून जाळा शिवायचे." बाबांनी होडीच्या कडेला हात टेकला. "जाळा फाटलेलाच नव्हता गो. त्यांना दिसत होता की."

मावशी, बाबा आयुष्यात माझ्याशी एका दमात एवढं कधी बोलले नव्हते. आणि तेही परक्या माणसांसमोर. की ती होती म्हणूनच बोलले?

त्यानंतर दर सोमवारी तिघं इथेच येतात. पुढच्या खेपेला दोरी सोडली, पण टोक रावजीकाकांनी किनाऱ्यावर धरून ठेवलं, गाय चरायला सोडल्यासारखं. त्याच्या पुढच्या खेपेला पहिल्या कांदळापर्यंत गेलो. परवा दोरी नव्हती. मी सुकाणूवर, बाबा शेजारी. दांड्याच्या कडेने बांबू रोवून त्यांना लाल फडकी बांधली, म्हणजे ओहोटीतही वाट दिसेल. माझे तळवे घामेजले होते, अजूनही होतात. पण मी इंजिन बंद केलं, आणि सगळे गप्प झाले, आणि पाणी आम्हाला घेऊन गेलं. बगळे झाडांवर उतरत होते, पांढरी फुलं उमलावीत तसे, एकेक. सानवी चक्क झोपली.

रविवारी पाहुण्यांची पहिली फेरी आहे. लहानशीच. आजींनी फोन केला होता. त्यांनाही यायचंय म्हणे, नातवाला घेऊन.

खाडी अजून घरात येते कधीकधी. परवा आली, तेव्हा मी खाटेवरून पाय खाली सोडून बसले होते.

तुझी नेत्रा


मुरुड
१२ मार्च

नेत्रा बाय,

तुझं पत्र मी तीन वेळा वाचलं, मग पदराखाली झाकून ठेवलं, कोणी बघेल म्हणून. घरात कोणी नाही हेही विसरले.

आता माझं ऐक. मी तुला इंजिन बिघडल्यासारखंच काहीतरी सांगत होते. समुद्र चित्रासारखा दिसतो, बघत बसते, वगैरे. खरं असं, की दिवाळीत एक कुटुंब फाटकाशी उभं राहून हाका मारत होतं. मी आतच भाकऱ्या थापत होते. ते दुसरीकडे गेले. मग पुन्हा तसंच झालं. आतून पाणी मागितलं तरी मला कळत नाही, माणसं चिडतात, आणि मी चिडलेल्या तोंडांकडे बघून नुसती हसते. शिमगा झाला की खोल्या बंद करायच्या, असं मनात ठरवलं होतं. मितेशलाही बोलले नव्हते.

पलीकडे गोदूबाई आहे. तिच्याही खोल्या आहेत, पाहुणेही तेच. इतकी वर्षं कुंपणापलीकडून आम्ही एकमेकींच्या गाड्या मोजल्या, बोललो नाही. तुझं पत्र आलं त्या दुपारी मी चपला घालून तिच्याकडे गेले. म्हटलं, "गोदू, मला ऐकू येत नाही." ती काहीतरी बोलली. म्हटलं, "अगो, तेच सांगतेय." तेव्हा माझ्यासमोर येऊन, तोंड जवळ आणून म्हणाली, "म्हणून हाकेला ओ देत नव्हतीस? मला वाटला, माज आलाय." आणि मग दोघी हसत सुटलो. तिची सून बाहेर येऊन बघायला लागली.

त्यांच्या घरी पाण्याचा पंप बिघडला की ती पाहुण्यांशी खोटं बोलते, हेही मला त्याच दुपारी कळलं. मी ते आठ जणांना सांगितलेलं नाही.

आता शुक्रवारी दुपारी पाहुण्यांची जेवणं आटोपली की माझ्या पडवीत जमतो. मी, गोदू, तिची सून. ऊन माडांतून गाळून येतं, समोर समुद्र डोळे मिटून पडलेला असतो, आणि आम्ही आपल्या बिघडलेल्या गोष्टी मांडून बसतो. यंत्र मी कपाटातून काढलंय. शिट्टी वाजली की गोदू दचकते. सध्या तिच्याकडचे जादा पाहुणे माझ्याकडे येतात, आणि कोणी हाक मारली तर तिची सून कुंपणावरून हात करते. खोल्या बंद करायचं मनातून गेलं का? नाही, अजून नाही. पण शिमग्यानंतरचं बुकिंग घेतलंय.

परवा गोदूने एका मुलीला आणलं. ज्ञानेश्वरी नाव. आतल्या गावातली, शेतकऱ्यांच्या घरची. नवरा मुंबईला. हिने चार महिन्यांपूर्वी किनाऱ्याच्या रस्त्याला घावणे-उसळीची गाडी लावलीय. पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन बसली होती, जमिनीकडे बघत. आम्ही आमचं आमचं बोललो. गोदूची सून गाद्यांच्या ढेकणांवर बोलली. मी एक खोली का रिकामी राहते त्यावर बोलले. मग तिची पाळी आली, तर ती मान हलवून म्हणाली, "माझा काय नाय. सगळा बरा हाय."

तेवढं मी तिच्या ओठांवरून वाचलं. माझ्या जिभेवर आलं होतं, अगो, असं कर, तसं कर. गिळलं. गोदूने चहा ओतला. आम्ही चहा प्यायलो. समोर एक होडी किनाऱ्याला समांतर चालली होती, सावकाश, कुठलीही घाई नसल्यासारखी, आणि आम्ही चौघी तिच्याकडे बघत राहिलो. होडी दिसेनाशी झाली तरी बघत राहिलो.

मग त्या मुलीने कप खाली ठेवला. पदर सोडला. माझ्याकडे वळली, मला नीट कळावं म्हणून तोंड वर केलं, आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून, बोलायला लागली.

मावशी